तिसरा वाटा

आमच्या गावात भांडण कशावरून होत नाही ते विचारा. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून होतं, नळाच्या रांगेवरून होतं, लग्नात पहिल्या पंगतीला कोण बसलं यावरून सख्खे भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. पण मासोळीच्या वाट्यावरून भांडण झालेलं मी माझ्या जन्मात पाहिलेलं नाही. आसगावपासून सायकलने अर्ध्या तासावर आमचं गाव. निम्मं गाव धान पिकवतं आणि आम्ही उरलेले तळ्यात मासोळी धरतो.

उन्हाळ्यात तळ्याचं पाणी खाली गेलं की सगळे मिळून मोठं जाळं ओढतात. विकायचा माल गाडीत जातो आणि घरच्या खाण्यासाठी जो ठेवतात त्याचे पारीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, ढीग लावतात. जितकी घरं तितके ढीग. त्यांनाच वाटे म्हणतात. कितीही नीट लावले तरी एका वाट्यात रोहू जाड निघतो आणि एकात नुसते काटे. म्हणून एक माणूस तळ्याकडे तोंड आणि वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका वाट्यावर काठी टेकवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस एक घर सांगतो. सांगितलं की संपलं. मग कोणी तोंड वाकडं करत नाही, बदलून मागत नाही, बायकोने घरी गेल्यावर कटकट केली तर तिलाही गप्प करतात. एका म्हाताऱ्याला एका वर्षी सगळा चिखलातला बारका माल आला होता. त्याने तो टोपलीत भरला, बिडी पेटवली आणि घरी गेला.

पाठ करून उभे राहणारे ते माझे बाबा. माझ्या आठवणीत दुसरं कोणी तिथे उभं राहिलेलं नाही. बाबा चौथी शिकलेले, बोलायला कमी, कुठल्या समितीत नाहीत की मंडळात नाहीत. गावात त्यांचा मान तो एवढाच, वर्षातून दोन-तीनदा, अर्ध्या तासाचा. पण तो असा होता की ज्या दोन घरांचं आपसात पटत नसे ती दोन्ही घरं बाबांच्या पाठीवर विश्वास ठेवत.

हे आधी सांगायचं कारण, माझं आयटी याच पद्धतीने ठरलं. म्हणजे ठरलं नाही, हेच तर सांगायचं आहे.

अकरावीला तालुक्याच्या कॉलेजात विज्ञान घेतलं तेव्हा मराठी किंवा आयटी, दोहोंतलं एक घ्या म्हणाले. मी मराठी सोडली. आता मराठीतच लिहीत बसले आहे, तेव्हा कोणाला हसायचं असेल त्याने हसून घ्यावं. कॉम्प्युटरच्या खोलीत बारा यंत्रं होती, त्यातली पाच चालू. एकेका यंत्रावर आम्ही चौघीजणी, त्यामुळे कीबोर्ड माझ्या हातात यायचा आठवड्यातून वीसेक मिनिटं. पहिल्यांदा मी पडद्यावर एक पान बनवलं, आमच्या तळ्यातल्या मासोळ्यांच्या यादीचं. रोहू, कतला, मरळ, झिंगे. कुठेतरी अक्षरं जाड करणारी एक खूण बंद करायची राहिली आणि खालची सगळी यादी जाडजूड अक्षरांत आली. सोबतच्या तिघी कंटाळून निघून गेल्या. मी ओळीवर बोट ठेवून ठेवून शोधत बसले. सापडली, दुरुस्त केली, आणि पान गुपचूप सरळ झालं.

कोणी रागावलं नाही. कोणी चारचौघांत सांगितलं नाही. आमच्या घरात असं नसतं. आमच्या घरात एकदा चूक झाली की ती आल्या-गेल्या पाहुण्यांनाही ऐकवतात. मी सात वर्षांची असताना दुधाचं भांडं लवंडलं होतं, ते अजून ऐकते आहे. त्या पानाचा मला इतका आनंद झाला की आपण हेच करायचं, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. हे काम करणारी माणसं दिवसभर नेमकं काय करतात, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या गावात ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

बारावी झाली, सीईटी झाली, मार्क बरे पडले, आणि घरात तीन पक्ष पडले.

पहिला पक्ष मामाजींचा. आईचे हे धाकटे भाऊ वरठीला पोलादाच्या कारखान्यात कामाला आहेत. रविवारी मोटरसायकल काढून ते खास याच कामासाठी आले.

"आयटीफायटी कायले पायजे?" बसायच्या आधीच त्यांनी सुरू केलं. "इलेक्ट्रिकल घे. कारखाना कोनताई असो, लाइन त लागतेच. भंडाऱ्याले कॉलेज हाये. माह्या घरून जानं-येनं कर. होस्टेलची कटकट नाई, काई नाई."

दुसरा पक्ष आईचा. कालव्याच्या कामावर तिने एकदा एक बाई इंजिनीयर पाहिली होती. त्या बाईंच्या डोक्यावर एका माणसाने छत्री धरली होती आणि ठेकेदार त्यांना उभ्याने "हो मॅडम, हो मॅडम" करत होता. तेव्हापासून आईच्या डोक्यात सिव्हिल. "मले त सिविलच बरी वाटते," ती म्हणायची, आणि कारण विचारलं की छत्री सांगायची.

तिसरा पक्ष मी एकटी.

"थ्याच्यात बनवते काय, थे तरी सांग," मामाजी म्हणाले. "कारखान्यात मी पत्ती दाखवतो, सळाक दाखवतो. तू मले एक वस्तू दाखव."

मला एक वस्तू दाखवता आली नाही. मी रागाने उठून आत गेले आणि भांडी घासायला घेतली, गरजेपेक्षा जास्त आवाज करून.

असे तीन दिवस गेले. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची शेवटची तारीख जवळ आली. आसगावला ऑनलाइन सेंटर चालवणारा एक दादा होता. त्याने मला नीट समजावून सांगितलं होतं की माझ्या मार्कांना तिन्ही जागा मिळण्यासारख्या आहेत. इलेक्ट्रिकल आणि सिव्हिल भंडाऱ्याला, आयटी नागपूरला. म्हणून पहिल्या नंबरवर काय टाकायचं ते विचार करून टाक. पहिला नंबर मिळाला की तोच पक्का होतो, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. खालचे दोन नंबर नुसते नावाला. त्याने तीन जागांचे तीन कागद छापून दिले. ते कागद मी घरी आणून कोनाड्यात ठेवले आणि येता-जाता त्यांच्याकडे बघत राहिले.

आदल्या दिवशी संध्याकाळी बाबा तळ्यावरून आले. मामाजी दुसऱ्यांदा आलेले, आई चुलीपाशी, मी दारात. आमचं तिघांचं परत जुंपलेलंच होतं. बाबांनी हातपाय धुतले, खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसले आणि म्हणाले, "आना थे कागद."

मी दिले. त्यांनी ते जमिनीवर ओळीने मांडले, मध्ये सारखं अंतर ठेवून. ते काय करणार हे मांडतानाच मला कळलं.

"तिघंई घरचेच हा," बाबा म्हणाले. "कोनाचं आयकू आन कोनाचं सोडू? मी पाठ करतो."

"बाबा, ह्या मासोळ्या नाई," मी म्हणाले.

"मासोळीवर लोकाइचं पोट हाये. तिथं चालते त इथं काहून नाई चालत?"

बाबांना ते तीन कागद वाचता येत नव्हते, कोणाची बाजू घ्यायची नव्हती, आणि जगात न्याय करायची जी एक रीत त्यांना ठाऊक होती ती त्यांनी माझ्यासाठी काढली होती. वाईट वाटलं ते याचं, की यात त्यांची काही चूक दाखवता येत नव्हती.

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मामाजींना आणि मला लांब बसवलं. कागदांवर हात ठेवायचं काम आईकडे आलं, कारण वरची इंग्रजी नावं तिलाही वाचता येत नव्हती. मला येत होती. आईचा हात आधी आयटीच्या कागदावर गेला. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने हात उचलला आणि शेजारच्या कागदावर ठेवला.

"हा कितवा?"

"दुसरा," बाबा भिंतीला म्हणाले. तो सिव्हिलचा होता.

हात पलीकडच्या टोकाला गेला. "हा कितवा?"

"पयला."

इलेक्ट्रिकल. मामाजींनी मांडीवर थाप मारली. आता उरलेल्या कागदाचं विचारायची गरज नव्हती, पण रीत म्हणून आईने विचारलं आणि रीत म्हणून बाबांनी सांगितलं.

"तिसरा."

बाबा वळले. खिशातून पेन काढून प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी आपल्या हाताने आकडा टाकला. एक, दोन, तीन. तीनचा आकडा उठेना म्हणून परत गिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं." मी मान हलवली. सांगितलेल्या वाट्यावर बोलत नसतात, हे मला वेगळं शिकवावं लागलं नव्हतं. मामाजी चहा पिऊन गेले. आईने मला जेवताना दोनदा भाजी वाढली, ती मी न खाता तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी फॉर्म पाच वाजता बंद होणार होता. त्याच दिवशी तळ्यात सोडायचं मासोळीचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, येणार होतं. बीज येतं पाणी आणि हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पन्न्यांमधून, आणि गाडी आली की गड्यांना तळं सोडून हलता येत नाही. पन्न्या आधी तळ्यात तरंगत ठेवायच्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं होऊ द्यायचं, मग हळूच तोंड सोडायचं. घाई केली तर सगळं बीज उलटं होऊन वर येतं. आई पहाटेच रोवणीला गेलेली. घरात फोन एकच, बाबांचा, आणि फॉर्मवर नंबर तोच दिलेला. बाबा म्हणाले, "फोन मी संगं ठेवतो. मेसेज आला का लाव." त्यांनी तो बिजाच्याच जुन्या पन्नीत गुंडाळला, पन्नी दुपट्ट्यात बांधली आणि दुपट्टा डोक्याला. मी हसायला हवं होतं, पण हसू आलं नाही.

आसगावच्या रस्त्याने सायकल मारताना दोन्ही बाजूंच्या बांध्यांत बायका वाकून धान रोवत होत्या. कॅरियरला कागद होते. मी स्वतःला समजावत होते की इलेक्ट्रिकलही काही वाईट नाही. मामाजींचं घर आहे, मामी चांगली आहे, भंडारा जवळ आहे. प्रत्येक गोष्ट खरी होती आणि प्रत्येक गोष्टीने मला जास्त राग येत होता. राग कोणाचा ते मात्र सापडत नव्हतं. बाबांचा यावा तर त्यांनी डोळे झाकून न्याय केलेला. आईचा यावा तर तिने नुसता हात उचललेला. शेवटी मी तो सायकलवर काढला आणि चिखलात घसरून गुडघा फोडून घेतला.

सेंटरवर माझ्याआधी बाराजण. कोणी कॉलेजसाठी, कोणी सातबाऱ्यासाठी, कोणी आधारमध्ये जन्मतारीख चुकली म्हणून. साडेबाराला विजेची लाइन गेली. दोनला आली तर साइट उघडेना. दादा एकेकाचं नाव घेऊन थोडं थोडं पुढे सरकवत होता. मी भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी राहिले, मग घड्याळ दिसू नये म्हणून त्याच्यासमोर उभी राहिले, मग परत दिसेल अशी उभी राहिले. गुडघा ठणकत होता.

साडेचारला माझा नंबर आला.

"पटकन सांग," दादा म्हणाला. त्याने तिन्ही जागा पडद्यावर आणल्या होत्या. "पयले कोनतं?"

मी कागद पुढे केले. त्याने कोपऱ्यातले आकडे पाहिले आणि इलेक्ट्रिकलवर बाण नेला.

"नाई," मी म्हणाले.

"मंग?"

"आयटी पयले."

"याच्यावर त तीन हाये."

"हाये. तरी पयले टाका."

दादाने माझ्याकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता क्रम बदलला. पडद्यावर आयटी वर आलं. मनात एकच चाललेलं, की आमच्या गावात आजपर्यंत हे कोणी केलेलं नाही, आणि केलं ते कोणी, तर पाठ करणाऱ्याच्याच मुलीने.

"पाय, पयला भेटला का मंग वापस नाई," दादा म्हणाला. "टाकू?"

"टाका."

त्याने बटण दाबलं आणि साइट परत बराच वेळ अडली. आता सहा आकडे बाबांच्या फोनवर जाणार होते आणि ते इथे टाकले की फॉर्म पक्का होणार होता. दादाने स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. पाचला चौदा मिनिटं कमी होती. एकदा लावला, उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला, उचलला नाही. बाबा छातीभर पाण्यात, हातात पन्नी धरलेले, डोक्यावर वाजणारा फोन, हे सगळं मला दिसत होतं. तिसऱ्यांदा उचलला.

"बाबा, मेसेज आला असन. सहा आकडे हाये, थे सांगा."

"थांब." पाण्याचा आवाज, पन्नी चुरगळल्याचा आवाज. "आला. आपन ठरवलं तसंच भरलं ना सगळं?"

त्यांनी सहज विचारलं. पावती मिळाली का, विचारावं तसं. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी आकडे सांगितले असते, आणि निकाल लागेपर्यंत कोणालाच काही कळलं नसतं. मी हो म्हणायला तोंडही उघडलं होतं.

"नाई बाबा. मी आयटी पयले टाकली."

पलीकडे बाबांच्या मागून कोणीतरी ओरडत होतं, "अजी, पन्नी तापून राहिली, सोडा ना!" दादाने घड्याळाकडे बोट केलं. पाचला दहा कमी.

"मामाजीले मालूम हाये?" बाबांनी विचारलं.

"कोनालेच नाई."

"सांगतलेला वाटा बदलवला तुनं."

"हो."

"काहून?"

सकाळपासून सायकलवर मी एवढं भांडले होते मनातल्या मनात, त्यातलं एक वाक्य वेळेवर आठवलं नाही. "मले थेच करायचं हाये, बाबा," एवढंच बोलले. सेंटरमधले सगळे लोक आपापल्या कागदांकडे बघत असल्याचं नाटक करत होते.

बाबा म्हणाले, "थे काम कसं रायते, तुले मालूम हाये का? पक्कं?"

"हो," मी म्हणाले. "पक्कं मालूम हाये."

हे धादांत खोटं होतं. मला मासोळ्यांची यादी माहीत होती आणि जाड अक्षरं माहीत होती. त्यापुढचं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"लिव्ह," बाबा म्हणाले आणि एकेक आकडा वाचू लागले. तीन आकडे झाले आणि ते अडले. काचेला पाणी लागलं होतं. दादाची बोटं कीबोर्डवर थांबलेली. बाबांनी काच पुसली असावी, कारण चौथा आकडा आला, मग पाचवा, मग सहावा. दादाने दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी आली. फोनवर मी "झालं" म्हणेपर्यंत बाबांनी तो ठेवूनही दिला होता.

जागा मिळाली. नागपूर, आयटी. मामाजी दिवाळीपर्यंत आमच्या घरी फिरकले नाहीत. आईला पाहुण्यांना सांगायला एक नवीन गोष्ट मिळाली. बाबा मात्र त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत, ना रागाचा, ना कौतुकाचा. होस्टेलला सोडायला आले तेव्हा माझी पेटी खोलीत ठेवून त्यांनी खिडकीची कडी नीट लागते का ते दोनदा पाहिलं आणि परतीची गाडी धरली.

नागपूरला माझं ते एक "पक्कं मालूम हाये" माझ्या मानगुटीवर बसलं. वर्गातली मुलं लॅपटॉपवर न बघता टाइप करत. मी एका बोटाने अक्षर शोधे. ती मुलं आपसात जे बोलत त्यातले निम्मे शब्द मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेऊन खोलीवर जाऊन बघत असे. तरी प्रयोगशाळेत माझं बरं चालायचं. यंत्र समोर असलं की चूक शोधायची मला घाई नसे, चीड नसे, मी तासन्‌तास बसू शकत असे. पण परीक्षेत प्रोग्रॅम कागदावर पेनाने लिहायचा होता. चुकलं तर सांगणारं कोणी नाही, लिहून टाकायचं आणि पुढे जायचं. मी पहिल्याच प्रश्नात चूक शोधत बसले आणि वेळ संपला.

निकालात बाकीचे विषय निघाले. प्रोग्रॅमिंग राहिला. गणित राहिलं असतं, फिजिक्स राहिलं असतं, तर मी घरी सांगितलं असतं. राहिला तो नेमका हाच. दर रविवारी बाबा फोनवर विचारत, "जमते ना?" आणि मी म्हणे, "जमते." हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा जड होतं, कारण ते दर आठवड्याला बोलावं लागायचं.

उन्हाळी परीक्षेआधी दहा दिवस सुट्टी होती. त्यातच तळ्याचं जाळं निघालं. मी घरी गेले आणि त्या सकाळी आईसोबत टोपली घेऊन पारीवर जाऊन बसले. जाळं ओढून झालं, माल गाडीत चढला, वाटे लागले. एका गड्याने काठी हातात घेतली आणि बाबांकडे पाहिलं.

बाबा जागचे हलले नाहीत. ते बाकीच्या गड्यांमध्ये उभे होते, ओल्या दुपट्ट्याने मान पुसत.

"औंदा दुसऱ्याले म्हना," ते म्हणाले. "माह्या घरी सांगतलेला वाटा बदलवला."

आधी कोणाला कळलंच नाही. मग एकाला आठवलं आणि तो हसला. "अजी, थो त पोरीचा फारम होता. त्याचं इथं काय?"

"फारम असो का मासोळी असो," बाबा म्हणाले. "पाठ करून सांगतलं होतं. घरचेच आयकत नाई, त तुमी काहून आयकान?"

सगळे बाबांना समजावू लागले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे एका सुरात बोलत होते. बाबा मान हलवत राहिले. मला पारीवरून उठून पळून जावंसं वाटत होतं. पण पाय आपोआप पुढे गेले आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबाइनं नाई बदलवला. मी बदलवला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आकडे मीनंच सांगतले ना," ते म्हणाले.

दुसरा एक जण संकोचत पुढे झाला आणि तळ्याकडे तोंड करून उभा राहिला. काठी टेकली. "हा कोनाचा?" बाबांचं नाव आलं तेव्हा बाबा गेले, वाकले आणि आपला वाटा टोपलीत भरला. बाकीच्या सगळ्यांसारखा.

आई पुढे निघून गेली होती. घराकडे जाताना मी बाबांच्या मागे दोन पावलं चालत होते. टोपली त्यांच्या डोक्यावर. मला आता सांगितल्यावाचून राहवेना. जे त्यांनी माझ्यासाठी आत्ता सोडून दिलं होतं ते कशासाठी सोडलं, हे त्यांना कळायला नको का?

"बाबा, माझा एक विषय राहिला."

"कोनता?"

"आयटीचाच. प्रोग्रॅमिंगचा." मग एका दमात उरलेलंही सांगून टाकलं. "मले तवा काईच मालूम नोतं. मी खोटी बोलली."

ते थांबले. टोपली खाली उतरवली. मला वाटलं आता बोलतील, चांगलं बोलतील, आणि बोलावं अशीच माझी इच्छा होती. त्यांनी नुसता दुपट्टा पिळला, परत डोक्याला गुंडाळला.

"मले मालूम होतं," बाबा म्हणाले. "तुहा आवाज मी वळखतो." मग टोपलीकडे बोट करून म्हणाले, "वाटा तुनं घेतला. आता साफ बी तुलेच करा लागन."

टोपली त्यांनी माझ्या हातात दिली आणि पुढे चालू लागले. घरी जाऊन मी त्या सगळ्या मासोळ्या एकटीने साफ केल्या. आईने विळा मागितला, मी दिला नाही. चार दिवसांची सुट्टी शिल्लक असताना मी नागपूरला परतले आणि यंत्र बंद ठेवून, कागदावर पेनाने प्रोग्रॅम लिहायला बसले. तो विषय त्या उन्हाळ्यात निघाला. पुढेही दोन राहिले, तेही निघाले.

आता नागपूरलाच नोकरी आहे. लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम करते आणि मला ते आवडतं. आयटी का घेतलं असं कोणी विचारलं तर मी "आवड होती" म्हणून मोकळी होते. बाबांना पुन्हा पाठ करायला गावाने दोन वर्षं आग्रह केला, मग सोडून दिला. दर उन्हाळ्यात जाळं निघतं तेव्हा मी सुट्टी काढून जाते. बाबा बाकीच्यांमध्ये उभे असतात, दुसऱ्याने सांगितलेला वाटा उचलतात, आणि ते बघताना मला दर वेळी वाईट वाटतं. सिव्हिल किंवा इलेक्ट्रिकल घ्यायला हवं होतं, असं मात्र एकदाही वाटलेलं नाही.